सिंदखेडचे जाधवराव : दोन दरबारांमधले एक घराणे

सिंदखेड राजा हे गाव आज महाराष्ट्राला मुख्यतः एका तारखेमुळे ठाऊक आहे. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी राज्यभरातून माणसे इथे येतात, जालना-मेहकर रस्ता गाड्यांनी भरून जातो, भाषणे होतात. मग गर्दी पांगते आणि आमचे बुलढाणा जिल्ह्यातले हे गाव पुन्हा आपल्या कापूस-सोयाबीनकडे वळते. ज्या वाड्यात १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला त्या वाड्याच्या धन्याविषयी मात्र त्या भाषणांतून फारसे ऐकायला मिळत नाही. 'लखुजी जाधव, निजामशाहीतले मातबर सरदार' एवढ्यावर त्यांची बोळवण होते. शाळेच्या पुस्तकातही तेवढेच.

चौथीचे शिवछत्रपतींचे पुस्तक आमच्या मुलांना उर्दूतून मिळते. ते शिकवताना वर्गात कधी ना कधी एक प्रश्न येतोच. "मिस, जिजाबाईंचे अब्बा कुणाकडून लढायचे?" प्रश्न साधा आहे. उत्तर द्यायचे तर निजामशाहीकडून, मग मुघलांकडून, मग परत निजामशाहीकडून असे सांगावे लागते, आणि मुले एकमेकांकडे पाहतात. आजच्या मुलांना बाजू एकच असते हे शिकवलेले असते. क्रिकेटच्या मैदानावर ते ठीक आहे, सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये ते चालत नाही.

लखुजींचे सारे आयुष्य ज्या एका शब्दाभोवती फिरले तो शब्द म्हणजे वतन. आम्हा उर्दूवाल्यांना हा शब्द देशाच्या अर्थाने माहीत आहे. १५ ऑगस्टला आमच्या शाळेच्या अंगणात तो दहा वेळा तरी उच्चारला जातो. मराठीत मात्र तोच अरबी शब्द वेगळ्या वाटेने गेला. मराठीत वतन म्हणजे पिढीजात हक्क. गावची पाटीलकी, कुलकर्णीपण, परगण्याची देशमुखी, देशपांडेपण, अगदी काझीपण आणि मुजावरकीसुद्धा. परगण्याचा वसूल गोळा करायचा, तो सरकारात भरायचा, बंदोबस्त ठेवायचा, आणि त्याबदली ठरलेला हिस्सा, इनाम जमीन आणि मानपान पिढ्यान्‌पिढ्या घ्यायचे. जहागीर बादशहाची; तो आज देईल, उद्या काढून दुसऱ्याला देईल. वतन तसे सहज हलत नसे. सुलतान बदलला तरी नवा सुलतान त्याच देशमुखाला बोलावून नवे फर्मान देई, कारण कुठल्या गावात किती विहिरी आणि कुठली जमीन पडीक, हे त्यालाच ठाऊक. म्हणून देशमुखाची पहिली निष्ठा आपल्या वतनाशी असे. कोणत्या छत्राखाली वतन सुरक्षित राहील, हा त्याचा रोजचा हिशेब होता.

सिंदखेड कुठे आहे हे पाहिले म्हणजे हा हिशेब किती बिकट होता ते कळते. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटाखालचा आणि घाटावरचा. घाटाखाली मलकापूर, नांदुऱ्याची काळी सपाटी, घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड. हीच विभागणी अकबराच्या दप्तरात पाईनघाट आणि बालाघाट या नावांनी आहे, आणि मेहकर हे तेव्हा वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार होते. सिंदखेडपासून जालना जवळ, आणि जालन्यापासून दौलताबादची वाट सरळ. एका अंगाला वऱ्हाड, दुसऱ्या अंगाला निजामशाहीचे काळीज. १५७४ मध्ये मूर्तजा निजामशहाने वऱ्हाडची इमादशाही गिळली. १५९६ मध्ये चाँदबिबीला तेच वऱ्हाड मुघलांना सोडून द्यावे लागले. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांत या मुलखावरून तीन राजवटींची निशाणे फिरली. रोहिणखेडला खुदावंदखानाने १५८२ साली बांधलेली मशीद अजून उभी आहे. तिच्या आसपासच १५९१ मध्ये निजामशाहीच्या गादीसाठी लढाई झाली होती. अशा वाटेवरच्या गावात घराणे टिकवायचे म्हणजे दोन्ही बाजूंच्या घोड्यांची टाप ओळखता आली पाहिजे.

हे घराणे मुळात कुठले? जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवतात. जाधव हा शब्द यादवपासून आला यात शंका नाही. पण १३१७-१८ मध्ये हरपालदेव मारला गेला आणि यादवांचे राज्य संपले. त्यानंतर लखुजींपर्यंत सुमारे अडीचशे वर्षांचा काळ जातो, आणि तो वंशावळींनी भरून काढलेला आहे. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरने वेगळीच हकीकत नोंदवली आहे. त्यानुसार हे लोक उत्तरेकडून, राजस्थानातल्या करौलीकडून आलेले जादोन रजपूत. त्याच गॅझेटियरमध्ये आपल्या वाचकांना नवल वाटेल अशी आणखी एक नोंद आहे. सिंदखेड परगणा १४५० च्या सुमारास तिथल्या काझींना जहागीर मिळाला होता आणि पुढे तो जाधवांकडे गेला, अशी ती परंपरा. दोन्ही उगमकथांपैकी एकीवर शिक्का मारायची मला घाई नाही. सत्ता हाती आल्यावर जुना वंश शोधायचा असतो, हा जगभरचा रिवाज आहे.

युरोपच्या आग्नेयेला बाल्कन डोंगरात व्लाख नावाचे मेंढपाळ लोक होते. त्यांची बोली लॅटिनमधून निघालेली. ११८५ साली पीटर आणि असेन या भावांनी व्लाख आणि बल्गार लोकांना जमवून कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाविरुद्ध बंड केले आणि नवे राज्य उभारले. त्यांचा धाकटा भाऊ कालोयान राजा झाला तेव्हा रोमच्या पोपने, तिसऱ्या इनोसंटने, त्याला लिहिले की तुमचे पूर्वज रोमचे असे आम्ही ऐकतो. कालोयानने हे आनंदाने मान्य केले, आणि १२०४ मध्ये पोपच्या वकिलाच्या हातून मुकुटही घेतला. मेंढपाळांच्या घराला रोम मिळाले, देशमुखांच्या घराला देवगिरी. वंश खरा असो वा जोडलेला, त्याचा उपयोग खराच होता.

२०२४ साली सिंदखेडच्या मातीने आपल्या वयाचा एक पुरावा बाहेर दिला. लखुजींच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व खात्याचे जतनाचे काम चालू असताना समाधीसमोर जुने दगड लागले. खोदत गेल्यावर एका शिवमंदिराचा पाया निघाला, आणि आणखी खाली शेषशायी विष्णूची सुमारे पावणेदोन मीटर लांबीची कोरीव मूर्ती. गावाच्या दक्षिणेला नीलकंठेश्वराचे हेमाडपंती देऊळ आहेच. जाधव यायच्या कितीतरी आधी सिंदखेड हे नांदते गाव होते एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

लखुजींचा काळ हा मलिक अंबरचा काळ. ही दोन नावे एकत्र घेतल्याशिवाय एकाचाही इतिहास सांगता येत नाही. मलिक अंबर हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजार बदलत बदलत दख्खनमध्ये पोचलेला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. अहमदनगर पडल्यावर सगळे संपले असे दिल्ली-आग्र्याला वाटत होते, तेव्हा याच माणसाने परांड्याला एका राजपुत्राला गादीवर बसवून निजामशाही पुन्हा उभी केली आणि पंचवीस वर्षे मुघलांना झुंजवले. त्याच्याजवळ तोफखाना थोडा, खजिना त्याहून थोडा. होती ती मराठा देशमुखांची चपळ घोडदळे. ही घोडदळे जाधव, भोसले, निंबाळकर यांच्या वतनांतून येत. म्हणजे एका उपऱ्या हबशाला मुळे नव्हती आणि मुळे असलेल्या देशमुखांना छत्र नव्हते. दोघांना एकमेकांची गरज होती. आपल्याकडे या नात्याला 'हिंदू-मुस्लिम ऐक्य' म्हणायची पद्धत आहे. ऐकायला ते गोड लागते, पण मला ते पुरेसे वाटत नाही. ती गरजेची भागीदारी होती, आणि गरजेची भागीदारी हिशेब बिघडला की मोडते.

ती मोडली. १६१६ च्या सुमारास वऱ्हाडात बाळापूरला मुघल सरदार शाहनवाजखान तळ देऊन होता. मलिक अंबरवर नाराज झालेले काही सरदार त्याला जाऊन मिळाले. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्यांची नावे लिहिली आहेत. त्यात आदमखान आणि याकूतखान आहेत आणि जादूराय, म्हणजे आपले जाधवराव, हेही आहेत. ही यादी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. हबशाला सोडून जाणाऱ्यांत हबशीही होते. पाठोपाठ जालन्याजवळ रोषणगावला मलिक अंबरचा मोठा पराभव झाला आणि मुघलांनी खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, लुटून उद्ध्वस्त केले. पुढे शाहजादा खुर्रमच्या दख्खन मोहिमांच्या काळात लखुजी मुघल दरबारचे मोठे मनसबदार झाले. स्वतः, मुले, नातू आणि भाऊबंद मिळून या घराण्याकडे २४,००० जात आणि १५,००० स्वारांच्या मनसबी होत्या असे फारसी ग्रंथ सांगतात. शाहनवाजखान औरंगाबादी (बाळापूरवाला नव्हे, शंभरावर वर्षांनंतरचा) याने मुघल उमरावांची चरित्रे लिहिली, 'मआसिर-उल-उमरा'. त्यात सिंदखेडच्या जादूरायाला स्वतंत्र प्रकरण आहे. दख्खनच्या किती देशमुखांच्या वाट्याला हे आले?

या पक्षांतराला फितुरी म्हणावे का? त्या काळच्या फुटपट्टीने नाही. पण त्याची किंमत घरात मोजावी लागली, हे खरे. लखुजींनी आपली मुलगी जिजाबाई वेरूळच्या मालोजी भोसल्यांच्या मुलाला, शहाजींना दिली होती. हे मालोजी म्हणजे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावर श्रद्धा असलेले. दोन्ही मुलांची नावे, शहाजी आणि शरीफजी, त्यांनी त्या पीराच्या नावावरून ठेवली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. बखरींमध्ये या लग्नाची रंगपंचमीची गोष्ट आहे. लखुजी चेष्टेत 'जोडा शोभतो' म्हणाले आणि मालोजींनी तो शब्द धरून ठेवला. गोष्ट म्हणून छान आहे. मला तिच्यात एवढेच खरे दिसते की जाधव स्वतःला वरचढ समजत आणि भोसल्यांना ते टोचत असे.

टोचणी एका हत्तीच्या निमित्ताने फुटली. दौलताबादला दरबार सुटून सरदार बाहेर पडत असताना खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला आणि गर्दीत घुसला. त्याला आवरण्यावरून जाधवांचे आणि भोसल्यांचे लोक एकमेकांवर तुटून पडले. लखुजींचा मुलगा दत्ताजी आणि शहाजींचा चुलतभाऊ संभाजी दोघेही तिथेच ठार झाले. मुलाच्या मृत्यूने बेभान झालेल्या लखुजींनी जावयावरही तलवार चालवली आणि शहाजी जखमी झाले. कवींद्र परमानंदाने आपल्या संस्कृत 'शिवभारत' काव्यात हा प्रसंग सविस्तर घेतला आहे. शिवाजी महाराजांच्या पदरचा कवी त्यांच्याच आजोबांचे आणि वडिलांचे भांडण लपवत नाही, याचे मला कौतुक वाटते. आजच्या चरित्रकारांना ते जड जाते.

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला सासरे आणि जावई प्रत्यक्ष रणांगणावर समोरासमोर आले. एका बाजूला मुघल आणि आदिलशाही फौजा, त्यांच्यात लखुजी. दुसऱ्या बाजूला मलिक अंबर, त्याच्याबरोबर शहाजी आणि शरीफजी. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेत चिखल करून ठेवला, त्यांना रखडवले, थकवले, आणि मग हल्ला केला. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद मारला गेला. अंबर जिंकला, पण शरीफजी पडले. भातवडीच्या विजयाची बातमी जिजाबाईंना कळली असेल तेव्हा त्यात नवरा जिंकल्याची, दीर गेल्याची आणि बाप हरल्याची अशा तिन्ही बातम्या एकदमच होत्या. त्यांचे माहेर आणि सासर एकाच मुलखात असून दोन वेगवेगळ्या राज्यांत होते.

पुढची दोन-तीन वर्षे म्हणजे दख्खनचे जुने खांब कोसळण्याची. १६२६ मध्ये मलिक अंबर गेला, १६२७ मध्ये विजापूरचा इब्राहिम आदिलशहा आणि त्याच वर्षी जहांगीर. दख्खनचा मुघल सुभेदार खानजहान लोदी याने निजामशहाकडून पैसा घेऊन बालाघाटचा मुलूख परत देऊन टाकला. आता सिंदखेडच्या देशमुखाने काय करायचे? मनसब मुघलांची आणि वतन ज्या मुलखात तो पुन्हा निजामशहाचा. लखुजी निजामशाहीत परतले. मला वाटते, यात महत्त्वाकांक्षेपेक्षा सिंदखेडची ओढ जास्त होती.

दौलताबादला मात्र त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. मलिक अंबरसारखा धनी उरला नव्हता. निजामशहा संशयी आणि हलक्या कानाचा, हमीदखान हा त्याचा आवडता वजीर, आणि दरबारात एकमेकांचे पाय ओढणे एवढाच कारभार. २५ जुलै १६२९ रोजी लखुजी आपल्या मुलांसह मुजऱ्यासाठी किल्ल्यात गेले. सुलतान आत निघून गेला आणि दबा धरून बसलेले लोक त्यांच्यावर धावले. जाधवांनी तलवारी उपसल्या, पण माणसे मोजकी होती. लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव असे चार जण, तीन पिढ्या, एका जागी कापले गेले.

या खुनाबद्दल आपण मुस्लिम वाचकांनी काय म्हणायचे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दोन सवयी आहेत. एक म्हणजे असे प्रसंग आले की गप्प बसायचे. दुसरी म्हणजे लगेच दुसऱ्या बाजूची यादी काढायची. दोन्ही सवयी त्या सुलतानाला आपला नातलग मानण्यातून येतात. तो आपला कोणी लागत नाही. मुजऱ्याला आलेल्या चाकराला घरात बोलावून मारणे हा कोणत्याही शरियतमध्ये आणि कोणत्याही राजनीतीमध्ये गुन्हाच आहे. आणि या गुन्ह्याने पहिला बळी घेतला तो निजामशाहीचाच. शहाजी तातडीने तिथून निघाले आणि पुढे मुघलांकडे गेले. ज्या देशमुखांच्या घोड्यांवर हे राज्य उभे होते त्यांच्यापैकी कोणाचाच आता त्या दरबारावर भरवसा राहिला नाही. थोड्याच काळात मलिक अंबरचाच मुलगा फत्तेखान याने त्या निजामशहाला मारून टाकले, आणि १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबाद घेतले. मलिक अंबरने जन्मभर जे जपले ते त्याच्यामागे सात वर्षांत संपले. कुणा काफराने कुणा मोमिनावर केलेल्या हल्ल्याची किंवा उलटी ही कथा म्हणून सांगता येत नाही. या गोष्टीत प्रत्येक बाजूला दोन्ही धर्मांचे लोक आहेत.

त्या दिवशी लखुजींचा भाऊ जगदेवराव आणि मुलगा बहादूरजी किल्ल्याबाहेर होते, म्हणून वाचले. आणि वाचल्या लखुजींच्या पत्नी गिरजाबाई. नवरा, दोन मुले आणि नातू एका दिवसात गेलेले, प्रेते शत्रूच्या किल्ल्यात, आणि तरीही ही बाई उरलेल्या लोकांना गोळा करून दौलताबादहून निघाली आणि सिंदखेडला पोचली. घराण्यातली माणसे पुन्हा मुघल सेवेत गेली. शाहजहानने जगदेवराव, बहादूरजी आणि इतर वारसांना मनसबी दिल्या. म्हणजे वतन वाचले. जाधवांच्या इतिहासात लढायांची वर्णने पुष्कळ सापडतील, पण दौलताबाद ते सिंदखेड हा त्या बाईचा प्रवास मला त्या सर्वांपेक्षा मोठा वाटतो. जिजाबाईंच्या करारीपणाचे मूळ शोधायला आपण नेहमी यादवांपर्यंत मागे जातो. त्यांची आई जवळ होती.

जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. बाप मारला गेल्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर त्यांना मुलगा झाला. तो मुलगा पुढे मुघलांशी लढला तेव्हा त्याच्या आजोळचे भाऊबंद मुघलांच्या चाकरीत होते. याचे आश्चर्य वाटायला नको. १३८९ मध्ये कोसोवोच्या लढाईत सर्बियाचा राजा लाझार उस्मानी सुलतान मुरादशी लढताना मेला. त्याचाच मुलगा स्टीफन १४०२ मध्ये अंकाराला मुरादच्या मुलाच्या, बायझीद यिल्दिरीमच्या बाजूने तैमूरशी लढला, आणि स्टीफनची बहीण बायझीदच्या घरात होती. सरहद्दीवरच्या घराण्यांची नीती सगळीकडे सारखीच.

लखुजींची समाधी सिंदखेडला आहे. दगडी चौथरा, कमानी, वर घुमट. लांबून पाहणाऱ्याला हा एखाद्या अमिराचा मकबरा वाटेल, आणि खुलताबादच्या बाजूचे मकबरे पाहिलेल्या माणसाला ही कारागिरी कुठल्या शाळेची ते लगेच ओळखू येईल. आत हिंदू सरदार, वर घुमट; त्या काळच्या गवंड्यांना यात काही विसंगत वाटले नाही. गावात राजवाड्याचे भव्य प्रवेशद्वार आहे, रंगमहाल आहे, काळाकोटाच्या अर्धवट राहिलेल्या, माणूस दबून जाईल अशा जाड भिंती आहेत, आणि मोती तलाव आहे. मला यात मोती तलाव सर्वांत मोलाचा वाटतो. घाटावरच्या या कोरड्या मुलखात तलाव बांधणारा देशमुख आपल्या वतनावर वसूल करण्यापलीकडे काहीतरी करत होता.

जाधवांच्या शाखा आसपासच्या गावांत पसरल्या. आमच्याकडे देऊळगाव राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा अशी गावे आहेत. हा 'राजा' त्यांचाच. देऊळगावच्या बालाजीचे मोठे देवस्थान याच घराण्याच्या आश्रयाने वाढले. छत्रपतींचे सेनापती धनाजी जाधव यांनाही वंशावळी अचलोजींच्या शाखेत जोडतात. तसे असेल तर दौलताबादला कापल्या गेलेल्या माणसाच्या वंशजाने औरंगजेबाला शेवटपर्यंत झोप लागू दिली नाही. पण या घराण्याच्या बाबतीत एवढ्यावर वाक्य संपवता येत नाही. धनाजी १७०८ मध्ये वारले आणि त्यांचा मुलगा चंद्रसेन बाळाजी विश्वनाथाशी भांडून पुढे निजाम-उल-मुल्ककडे निघून गेला. त्याला भालकीची जहागीर मिळाली.

अठराव्या शतकात सिंदखेडच्या आसपासची जमीन दोनदा मोठ्या इतिहासाची झाली. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवून मारले, आणि त्या दिवसापासून हैदराबादचे आसफजाही राज्य प्रत्यक्षात सुरू झाले. विजयाची आठवण म्हणून गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले गेले; लोकांनी साखरच पसंत केली. दुसरा प्रसंग १७५७ चा. चंद्रसेनचा मुलगा रामचंद्र जाधव निजामाच्या बाजूने सिंदखेडमध्ये होता आणि पेशव्यांच्या फौजेने, विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे यांनी, त्याला वेढले. निजामअली सोडवायला आला आणि स्वतःच अडकला. तहात त्याला २५ लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग द्यावा लागला. ज्या गावात शिवाजी महाराजांच्या आई जन्मल्या त्याच गावाला मराठ्यांच्या फौजेने वेढा घातला होता आणि आत जाधव होते. आमच्या मुलांनी वर्गात विचारलेला प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही तसाच होता.

मग पडता काळ. १८०३-०४ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांची धाड, आणि सगळीकडे बेबंदशाही. जानेवारी १८०४ मध्ये या बाजूने गेलेल्या जनरल वेलस्लीने लिहिले की लोक शेकड्यांनी उपाशी मरत आहेत आणि त्यांना दिलासा देणारे सरकार म्हणून काही नाही. (त्याने सिंदखेडला चोरांचा अड्डाही म्हटले. ज्याच्या फौजा नुकत्याच याच मुलखातून गेल्या होत्या त्याने हे म्हणावे, हा भाग वेगळा.) देऊळगावचे जाधव तोपर्यंत निजामाचे जहागीरदार म्हणून उरले होते. निजामाची तिजोरी रिकामी, फौजेचा पगार थकलेला, आणि गावोगाव अरब व रोहिले शिपायांच्या टोळ्या. जो जहागीरदार त्यांना ठेवी त्यालाच त्या पुढे ऐकेनाशा होत. १८५१ मध्ये बाजीराव जाधव यांच्या पदरचे अरब निजामाच्या फौजेशी लढले. लढाई अरबांची, दोष धन्याचा. बाजीरावांना बंडखोर ठरवून त्यांची वंशपरंपरागत मिळकत जप्त झाली. दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाने कर्जापोटी सगळे वऱ्हाडच इंग्रजांच्या हवाली केले, आणि देशमुखांना आपापल्या हक्कांसाठी इंग्रजी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले.

बाजीराव ते पाहायला मोकळे नव्हते. त्यांना राजकैदी म्हणून दौलताबादच्या किल्ल्यात ठेवले होते. यादवांच्या त्या जुन्या देवगिरीत, जिथे लखुजी मारले गेले होते, १८५६ साली ते कैदेतच वारले.